भगवंत सरांची जागेवरची मोटारसायकल

"जात्यानं घरघर केली तर निदान पीठ तरी पडतं," भिंतीपलीकडून लंकाबाईंचा आवाज आला. "ह्ये रोज सकाळी चालू व्हतं, तासभर वराडतं, आन् व्हतं तिथंच बंद पडतं. एवढ्या येळात मानूस साकोरीला पायी जाऊन आला आसता."

"आगं, हळू. ऐकू जाईल त्यांना," गेणभाऊ म्हणाले.

"जाऊ दे की! मी काय वंगाळ बोलले? गाडी जागची हालत न्हाई, आन् का हालत न्हाई ते काय कुणाला—"

"लंके!"

गेणभाऊ सहसा बायकोवर ओरडत नसत, त्यामुळे लंकाबाई खरोखरच गप्प झाल्या. भिंतीच्या अलीकडे गरम स्पार्क प्लग फडक्यात धरून उकिडवे बसलेल्या भगवंत सरांनी सगळं ऐकलं. भिंत छातीइतकी उंच होती आणि लंकाबाईंचा आवाज दोन भिंती ओलांडायच्या तयारीचा होता. पण माणूस दुखावला की नेमकं नको तेच ऐकतो. गेणभाऊंनी बायकोला मध्येच का थांबवलं, याचा विचार सरांनी केला नाही. त्यांच्या मनाला लागलं ते जातं. चौदा वर्षं जिची सेवा केली त्या गाडीला जातं!

सर निमगाव साव्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत. मोटारसायकल त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली, बदली होऊन निघालेल्या गुरांच्या डॉक्टरांकडून घेतली. त्या काळात गावात दोन जीप, तीन ट्रॅक्टर आणि ही एक फटफटी. गाडी दारात आली त्या दिवशी सरांच्या बायकोनं, साळुबाईंनी, तिला हळदीकुंकू वाहिलं, पुढच्या चाकावर पाणी घातलं, आणि जरा लाजून म्हणाल्या, "आता माहेरी अवसरीला जाऊ तवा हिच्यावरच जायचं. नारायणगावला उतरा, मंचरला उतरा, परत जीपड्याची वाट बघा... मला लई कटाळा येतो."

"हिच्यावरच," सर म्हणाले होते.

अडचण एकच होती. सरांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. गाडी आणली तीही डॉक्टरांच्या कंपाउंडरनं. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळं गाव निजलेलं बघून, सरांनी ती खळ्यावर नेली, चालू केली, आणि क्लच सोडल्यावर पुढच्या चार सेकंदांत ते गेणभाऊंच्या उकिरड्यात होते. गाडी वर, सर खाली. या घटनेला साक्षीदार म्हणजे खुंट्याला बांधलेली एक म्हैस. सरांनी अंगावरचं शेण धुतलं, गाडी पुसली, ढकलत घरी आणली, आणि पुन्हा कधी तिच्यावर बसले नाहीत. आपल्याला गाडी येत नाही ही गोष्ट गावात आपल्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, अशी त्यांची चौदा वर्षांची समजूत होती.

आता येत नाही तर शिकावी, असं आपल्याला वाटेल. पण ज्यानं मुलांना हातावर छड्या देऊन सरळ रेघा काढायला शिकवल्या, त्यानं त्याच मुलांसमोर वेडंवाकडं जाऊन पडायचं म्हणजे काय, हे मास्तर झाल्याशिवाय कळायचं नाही. त्यापेक्षा गाडी दुरुस्तीला काढणं सोपं. दुरुस्तीतल्या गाडीला कोणी "चल" म्हणत नाही. सरांनी अशी चौदा वर्षं काढली. कधी टायर, कधी चेन, कधी "एक पार्ट पुण्याहून यायचाय". गाडी कुठं न्यायची झाली तर ते ढकलत नेत, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण आपणहून विचारी, "काय सर, पेट्रोल संपलं जनू?" सर म्हणत, "हो ना." गावाला आपल्या अडचणीची किती काळजी, असं त्यांना वाटे.

पण दोन हजार दोनच्या संक्रांतीला साळुबाईंचा भाऊ सयाजी तिळगूळ घेऊन आला आणि सांगून गेला, "दाजी, घर झालं. वैशाखात वास्तुशांत धरलीय. या खेपंला आक्काला गाडीवरून आना बरं का. सगळ्या अवसरीला सांगून ठिवलंय मी."

संध्याकाळी भाकरी थापताना साळुबाई गुणगुणत होत्या. लग्नाला सतरा वर्षं झाली, सरांनी हे गुणगुणणं फार तर चार वेळा ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्डशीटवर मोटारसायकलीचा नकाशा काढला. समोरून, बाजूनं आणि वरून. खाली सुबक अक्षरात लिहिलं : 'संपूर्ण नूतनीकरण'. एवढं मोठं काम वैशाखाच्या आत होणं शक्यच नव्हतं, आणि त्यातच त्याचं सौंदर्य होतं.

इंजिनाचं काम बहिरूकडे दिलं. बहिरू म्हणजे पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या डिझेल इंजिनांचा डॉक्टर. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटे, आणि आत काय दुखतंय ते सांगे. त्यानं गाडीला महिनाभर कान लावला. मग एके दिवशी सरांना बोलावून सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि किक मारली. इंजिन असं एकसुरी चालू झालं की पेल्यातलं पाणी थरथरलंसुद्धा नाही.

"रातभर चालू द्या," बहिरू म्हणाला, "एक ठोका इकडं की तिकडं व्हनार न्हाई."

"वा!" सर म्हणाले. "आणि रस्त्यावर?"

बहिरूनं डोकं खाजवलं. "गिअर टाकला की मरती. मला काय वाटतं सर, माजी समदी इंजिनं जाग्यावरच चालत्यात ना. तशीच ही बी सेट झाली. आता ही चालत्यात ती कशी सेट करायची, त्ये बघावं लागंल."

सरांना त्या क्षणी बहिरूला मिठी मारावीशी वाटली. "सावकाश बघ," ते म्हणाले. "घाई अजिबात नाही."

तेव्हापासून रोज सकाळी तासभर सर गाडी जागेवर चालवू लागले. इंजिन 'मोकळं होण्यासाठी'. सातच्या लोडशेडिंगला तर गाडीचा हेडलाइट गल्लीच्या उपयोगी पडू लागला. सर ॲक्सिलरेटर धरून बसत आणि त्या उजेडात लंकाबाई गहू निवडत. गाडीला जातं म्हणणाऱ्या बाईचं तिच्याच उजेडावाचून अडतं, हे सर मनात नोंदवून ठेवत. "सर, जरा इकडं वळवा, खडं दिसंना," असं त्या म्हणाल्या की सर हँडल वळवत. तेवढंच ड्रायव्हिंग.

मग सीट. सीटवर सर खरे रमले. शाळेतल्या मोडक्या बाकाची सागवानी पाठ कापून त्यांनी मागच्या बाजूला टेकू बसवला. त्याला काथ्या भरून रेक्झिन लावलं. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी केली, तिच्यात वेलबुट्टी काढली. पाय ठेवायला फूटरेस्ट, त्यावर पन्हाळी पत्रा, पाय घसरू नये म्हणून. हाताला धरायला कडी. पिशवी अडकवायला हूक, तोही साळुबाईंच्या नेहमीच्या पिशवीचे बंद मोजून.

बहिरू हे बघत विडी ओढत होता. "सर, एक इचारू? गाडी समदी मागनंच सुधारली तुमी. चालवनाऱ्यानं काय नुसत्या पत्र्यावर बसायचं?"

सर दचकले. पुढं कोणी बसणार आहे, हे नकाशा काढतानाच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "ते... ते दुसऱ्या टप्प्यात," ते म्हणाले.

राहता राहिला रंग. मंचरला सोहनलाल शेठचं रंगाचं दुकान. शेठची तिसरी पिढी इथली. बाप राजस्थानातून आला तेव्हा आणलेलं पागोटं गल्ल्यामागं काचेत ठेवलेलं, पण बोलणं असं की ऐकणाऱ्यानं त्यांना अवसरीचंच समजावं. सरांनी मोरपंखी रंग मागितला.

"मोरपंखी?" शेठ म्हणाले. "दाराला?"

"मोटारसायकलला."

शेठनी चष्मा वर केला. "सर, तुमची मोटारसायकल होय! मग घ्या की. मोठा डबा घ्या." आता 'तुमची होय' म्हणून मोठा डबा कशाला, हे सरांना कळलं नाही. पण शेठनी मायेनं दिला म्हणून घेतला.

ब्रशनं रंग द्यायचा म्हणजे ओरखडे राहतात. शहरात म्हणे रंग फवारतात. फवारायचं म्हटल्यावर निमगावात दुसरं काय सुचणार? गेणभाऊंच्या द्राक्षबागेचा फवारणी पंप. मे महिना, बाग छाटलेली, पंप रिकामाच होता. गेणभाऊंनी आनंदानं दिला. सरांनी तो धुतला, म्हणजे एक बादली पाणी ओतलं आणि काढलं. पण हंगामभर ज्याच्या पोटातून मोरचूद आणि चुना गेला, तो पंप एका बादलीनं धुवून निघत नाही, हे द्राक्षवाल्याच्या पोराला कळतं, चित्रकलेच्या मास्तरांना कळत नाही.

आत रंगाचं दही झालं. सरांनी दट्ट्या मारला, काही आलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा. आणि मग एकदम आलं. पहिला फवारा गाडीवर गेला, दुसरा भिंतीवरून गेला. भिंतीपलीकडे लंकाबाईंनी त्याच सकाळी दोन पायलीच्या कुरडया वाळत घातल्या होत्या.

मी त्या किंकाळीचं वर्णन करत नाही. शाळेचा शिपाई समजला की उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि त्यानं घंटा दिली.

"सर, आवो सर! तुमच्या गाडीपायी आता मोरपंखी कुरडया खायच्या का आमी?" लंकाबाई भिंतीवरून ओरडल्या. "आन् ही गाडी रंगवून करायची काय? तुमाला कुठं—"

"कुठं ठेवायची जागा हाय!" गेणभाऊंनी घाईघाईनं वाक्य पुरं केलं. "आसं म्हनायचंय तिला."

साळुबाईंनी दुसऱ्या दिवशी दोन पायली गव्हाचा चीक शिजवून लंकाबाईंना नव्या कुरडया घालून दिल्या. त्या दोघी वाळवणाशेजारी बसून बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. सर आले की गप्प होत. सरांना वाटलं, रंगाबद्दल असेल.

गाडीचा रंग मात्र बघण्यासारखा झाला. मोरपंखी म्हणावा तर त्यावर पांढरट निळे ठिपके. "चित्रांग हरीण दिसती," असं बहिरूचं मत पडलं. सरांनी दोन दिवस तिच्याकडे पाठ फिरवली. तिसऱ्या दिवशी त्यांना ती आवडू लागली.

आता रंग बदलला की तो आरसी बुकात चढवावा लागतो, हे सांगितलं सोहनलाल शेठनी. शिवाय गाडीला पंधरा वर्षं झालेली, म्हणजे पासिंगही नव्यानं. सरांच्या जिवात जीव आला. सरकारी काम! वास्तुशांत दहा दिवसांवर आलेली. सरकारी काम दहा दिवसांत आजवर कोणाचं झालंय?

ते एसटीनं शहरातल्या आरटीओ ऑफिसात गेले. खिडकीतला कारकून पोक्त आणि शांत होता. त्यानं फॉर्म दिले आणि म्हणाला, "चेसी नंबरचा पेन्सिलीनं कागद आणा." म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर खोदलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, मुलं नाण्यावर घासतात तशी. नंबर आपोआप उमटतो. हे सरांना समजलं असतं, पण पेन्सिल आणि कागद हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांना पुढचं समजावून घेण्याची गरज वाटली नाही. त्यांनी घरी येऊन तो नंबर काढला. चार दिवस लागले. प्रत्येक आकडा ठसठशीत, उठावदार, डाव्या बाजूनं उजेड धरून उजवीकडे सावली दिलेला.

कारकुनानं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हातानं काढलंय?"

"हो," सर विनयानं म्हणाले.

"सर, हे चित्र झालं. मला छाप पाहिजे."

"पण छापापेक्षा हे जास्त स्पष्ट आहे."

"तेच तर." कारकुनानं सुस्कारा सोडला, पण कागद परत दिला नाही. "हा ठेवून घेऊ का? माझ्या मुलीचं अक्षर फार वाईट आहे. दाखवीन तिला." मग त्यानं फॉर्म ओढला. "रंग काय लिहू?"

"मोरपंखी. त्यावर ठिपके."

"निळा की हिरवा?"

सरांनी मोरपंखी म्हणजे निळा आणि हिरवा यांच्यामधला कसा, हे समजावून सांगितलं. रांगेतले लोकही ऐकू लागले. शेवटी कारकुनानं 'निळा' लिहिलं आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघून पुढे एक छोटंसं 'हिरवट' जोडलं. "छाप कॅम्पला आणा," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी मंचरला आमचा कॅम्प आहे. साहेब तिथंच गाडी बघतील आणि पास करतील. लांब यायलाच नको."

गुरुवार. गुरुवारीच वास्तुशांत होती. आणि मंचरहून अवसरी हाकेच्या अंतरावर.

घरी आले तर बहिरू दारात हजर. "सर, पेढं काढा! आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याला इचारून आलो. कार्बोरेटरची सुई येक खाच वर घेतली. आता गिअर टाका न्हाईतर काय बी टाका, पळती बघा हरनीवानी!"

सरांनी पेढे काढले.

बुधवारपर्यंत त्यांनी जे जे सुचेल ते केलं. आरसा सैल केला, बहिरूनं आवळला. चाकातली हवा सोडली, गेणभाऊंनी टोमॅटोचे क्रेट भरता भरता भरून दिली. ताप आला का म्हणून तीनदा कपाळाला हात लावून बघितला. आणि साळुबाई? त्यांनी ठेवणीतली जांभळी काठपदराची साडी काढली होती, भावजयीला खण, घराला तांब्याची कळशी. पिशवी भरून हुकाला अडकवून बघितली. बरोबर बसली.

"मंचरपतूर गेणभावजींच्या पिकअपमधून नेऊ गाडी," त्या म्हणाल्या. "पास झाल्याबिगर रस्त्यावर आणायची न्हाई म्हनत्यात. मंग तिथून आपुन जाऊ."

"जाऊ," सर म्हणाले. आणि चौथ्यांदा कपाळाला हात लावून बघितला.

गुरुवारी सकाळी टोमॅटोच्या क्रेटची जागा करून गाडी पिकअपमध्ये चढली. गेणभाऊ चालवायला, त्यांच्याशेजारी सर आणि साळुबाई. इंजिन कुठं बिघडलं तर म्हणून मागं बहिरू, आणि मंचरला बहीण आहे म्हणून लंकाबाई. ही बहीण आजवर कोणी ऐकली नव्हती. सर वाटभर खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याकडेला एक पोरगेलासा दूधवाला, दोन्ही बाजूंना कॅन लावून, एका हातानं मोटारसायकल चालवत दुसऱ्या हातानं नाक पुसत गेला. सरांनी डोळे मिटून घेतले.

कॅम्पला रांग होती. ट्रॅक्टर, रिक्षा, जीप. साहेब तरुण होते, हातात पॅड. भराभर बघत येत होते. सरांच्या गाडीपाशी थांबले आणि खरंच थांबले. चक्कर मारून टेकू बघितला, जाळीवरची वेलबुट्टी बघितली, फूटरेस्टवर बोट फिरवलं.

"कोणी केलं हे?"

"मी," सर म्हणाले.

"छान काम आहे. बाई, नशीबवान आहात." साळुबाईंनी पदर सावरला. साहेबांनी छाप जुळवला. बहिरूनं किक मारली. गाडी सुरेल चालू झाली. साहेबांनी मान डोलावली, पॅडवर खूण केली आणि म्हणाले, "चला, झालंच. त्या कडुनिंबापर्यंत एक चक्कर मारून या, म्हणजे ब्रेक बघतो."

सर हलले नाहीत.

"मी मारतो की सायेब," बहिरू पुढं झाला.

"मालक उभे आहेत ना. मारू द्या त्यांना."

"त्यांच्या कमरंत उसन भरलीय," गेणभाऊ म्हणाले.

त्याच क्षणाला लंकाबाई म्हणाल्या, "डोळं आल्यात त्यांचं."

"आन् कडक उपास हाय," बहिरूनं भर घातली. "निर्जळी."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. कंबर ताठ, डोळे स्वच्छ, आणि मघाशी खाल्लेल्या भेळेतला चुरमुरा मिशीला.

सरांनी या तिघांकडे पाहिलं. कोणीही त्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं. गेणभाऊ चपलेनं माती उकरत होते. आणि भगवंत सरांना एकदम, फळा पुसल्यावर मागचं जुनं अक्षर दिसावं तसं, सगळं दिसू लागलं. 'पेट्रोल संपलं जनू?' हा प्रश्न नव्हताच. चौदा वर्षं सगळं गाव त्यांच्या हातात आयतं उत्तर देत होतं. लंकाबाईंची अर्धी राहिलेली वाक्यं. शेठचा मोठा डबा, कधीच न संपणाऱ्या दुरुस्तीसाठी दिलेला. लंकाबाईंची कधी न ऐकलेली बहीण. उकिरड्याच्या त्या दुपारी गाव निजलेलं नव्हतं.

निदान साळूला तरी, त्यांनी मनात म्हटलं. निदान तिला तरी ठाऊक नसेल.

तेवढ्यात साळुबाई पुढं झाल्या. आयुष्यात ज्या भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलल्या नाहीत, त्या साळुबाई. मान खाली घालून, काठपदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "सायेब, त्यांची चूक न्हाई. मीच आन घातलीय त्यांना. गाडीवर बसायची मला लई भीती वाटती. म्हनून चालवत न्हाईत ते. माज्यापायी."

चौदा वर्षं माहेरी गाडीवरून जायचं मनात धरून बसलेली बाई, चारचौघांत, परक्या साहेबापुढे, भित्री म्हणवून घेत होती. आणि कोणासाठी, तर ज्याला उकिरडा पार करता आला नाही त्याच्यासाठी.

इंजिन एकसुरात चालू होतं. भगवंत सरांनी खिशातून रुमाल काढला, मिशी पुसली, आणि हजेरी घेताना शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले,

"साहेब, ही कशालाच भीत नाही. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती."